टेस्टर लागला नाही म्हणून

पावसाळा अर्धा सरला की माझ्याकडे एखादं तरी पोरगं येतं. आयटीआयचा वीजतंत्रीचा दोन वर्षांचा कोर्स झालेला असतो आणि सोबत बाप असतो. राळेगावचा, घाटंजीचा, कधी पार झरी-जामणीकडचा. पोराच्या हातात नवीकोरी पेटी. बाप ती माझ्या टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "भाऊ, सामान बरोबर हाय ना? दुकानदारानं सगळं देतो म्हणलं." मी पेटी उघडतो आणि दर वर्षी माझं डोकं फिरतं.

पस्तीस-चाळीस नगांचा चकचकीत संच. त्यातले निम्मे पाने मोटारसायकलचे. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला लागावेत असले सहा बारके स्क्रू ड्रायव्हर. पक्कड अशी की मुठीत दाबली तर तिचं लाल कव्हर दांड्यावर फिरतं. आणि कोपऱ्यात वीस-तीस रुपयांचा टेस्टर. तारेत वीज आहे की नाही हे सांगणारं त्या अख्ख्या पेटीत एवढं एकच साधन, आणि तेच सगळ्यांत स्वस्त. कापूस विकून आलेल्या पैशातून बापानं हे घेतलेलं असतं. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नाही. सांगायचं होतं ते दुकानदारानं, आयटीआयनं, सरकारनं आणि सगळ्यांच्या आधी आम्ही ठेकेदारांनी.

आधी टेस्टरचा सोक्षमोक्ष लावतो, कारण माणसं त्याच्यावर विसंबून मरतात.

टेस्टरच्या दांड्यात निऑनचा इवलासा दिवा असतो आणि त्याला जोडून जवळपास दहा लाख ओहमचा रेझिस्टर. टोक तारेला लावलं, मागच्या टोपीवर बोट ठेवलं की वीज तारेतून रेझिस्टरमध्ये, तिथून दिव्यात आणि पुढे तुमच्या अंगातून जमिनीत जाते. इतकी थोडी की तुम्हाला जाणवत नाही. म्हणजे या सर्किटचा निम्मा भाग तुम्ही स्वतः आहात. तुम्ही कशावर उभे आहात, पायात काय आहे, शिडी ओली की कोरडी, त्यावर दिवा किती पेटणार ते ठरतं. कोरड्या बांबूच्या शिडीवर, रबरी चप्पल घालून टेस्टर लावला तर दिवा नुसता मिणमिणतो. घरातल्या अंधाऱ्या खोलीत तेवढंही दिसतं. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, शेतातल्या डीपीजवळ तो नारिंगी ठिपका कुणाला दिसणार आहे? तळहाताची सावली धरून बघावं लागतं, आणि शिडीवरच्या माणसाकडे तिसरा हात नसतो.

मी एकोणीस वर्षांचा होतो. वणीकडच्या एका जिनिंगच्या शेडवर चढलो होतो. उस्तादानं खालून विचारलं, "लागून राह्यला का रे?" मी वरून ओरडलो, "नाही लागून राह्यला." तो लागत होता, उन्हात मला दिसत नव्हता. पुढचं तुकड्यातुकड्यानं आठवतं. दंडावर कुणीतरी घण घातल्यासारखा झटका, पत्र्याचा आवाज, आणि मग नाकातोंडात सरकी-कापूस. मी कापसाच्या ढिगावर पडलो. शेडच्या दुसऱ्या बाजूला काँक्रीटचा ओटा होता. उस्तादानं पाणी पाजलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आता झाला तू वायरमन." त्या वाक्याची मला आजही चीड येते. पोरगं मरता मरता वाचलं आणि ते त्यानं शिक्षणात जमा केलं.

ऊन नसलं तरी टेस्टर खोटं बोलतो. तीन फेजच्या मोटारीचा एक फेज गेला असेल आणि मोटार जोडलेली असेल, तर उरलेल्या दोन फेजची वीज वाइंडिंगमधून फिरून मेलेल्या फेजच्या टर्मिनलवर येते. स्टार्टरमध्ये तिन्ही ठिकाणी टेस्टर लागतो. पोरगं म्हणतं, तिन्ही फेज हाय. शेतकरी बटण दाबतो, मोटार घुमते आणि जळते. घरात न्यूट्रल तुटला की उलटा प्रकार. पंख्यातून, बल्बमधून फिरून आलेली वीज न्यूट्रलवर उभी असते, आणि 'काळी वायर हाय, काही होत नाही' म्हणून पोरगं ती हातात धरतं.

याहून वाईट खोड आम्हीच लावली आहे. टेस्टरचं टोक चपटं असतं म्हणून त्यानं स्क्रू पिळायचा. आमच्या धंद्यात असा एक माणूस दाखवा की ज्यानं टेस्टरनं होल्डरचा, सॉकेटचा, एमसीबीचा स्क्रू आवळला नाही. एकदा एका पोराचा न लागणारा टेस्टर मी टेबलावर उघडला होता. दांड्याला केसासारखी चीर, आतला रेझिस्टर दोन तुकडे, स्प्रिंग वाकडी. बाहेरून टेस्टर ठणठणीत. आठवडाभर ते पोरगं तो घेऊन फिरत होतं आणि प्रत्येक तार त्याला 'बंद' सांगत होती. जीव वाचवायचं साधन आणि स्क्रू पिळायचं साधन एकच केलं की पहिल्यांदा मोडतो तो जीव वाचवायचा भाग, आणि तो मोडल्याचं वरून दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. शिकाऊ पोराच्या पेटीतलं पहिलं हत्यार मोजणारं पाहिजे. पक्कड नंतर. दोन वायरींचा, दोन टोकांचा, एका तारेपासून दुसऱ्या तारेपर्यंत व्होल्ट सांगणारा मीटर. अंगातून वीज न नेणारा. त्यावर 'कॅट थ्री' आणि निदान 600 व्होल्ट लिहिलेलं पाहिजे. हा नुसता छाप नसतो. घराच्या डिस्ट्रिब्युशन बोर्डावर अचानक व्होल्टेजचा दणका आला तर मीटर हातात फुटू नये, यासाठी आंतरराष्ट्रीय मानकात ही वर्गवारी आहे. खांबावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरीवर तर 'कॅट फोर'च. बाजारात दीड-दोनशे रुपयांना मिळतो तो पिवळा मल्टीमीटर रेडिओ दुरुस्तीला ठीक. त्याच्या वायरी केसाएवढ्या, आत धड फ्यूज नाही, आणि वर मात्र 750 व्होल्ट छापलेलं. तो मीटर 415 व्होल्टच्या स्टार्टरमध्ये घालणारं पोरगं मी पाहिलं आणि हातातून हिसकावून घेतला.

मीटरच्या काड्याही बघा. ब्रिटनच्या सुरक्षा खात्याची मार्गदर्शिका सांगते की काडीचं उघडं धातूचं टोक 4 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावं. आपल्याकडच्या काड्यांना बोटाच्या पेराएवढं टोक उघडं असतं. एक फेजवर टेकवताना शेजारच्या फेजला लागलं की डोळ्यांसमोर ठिणगीचा गोळा. वर थोडी इन्सुलेशनची नळी चढवली की काम भागतं. दहा रुपयांचं काम आहे आणि कुणी करत नाही.

मीटरही चुकवू शकतो, हे मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. डिजिटल मीटर शेजारच्या तारेनं उगाच चढलेले साठ-सत्तर व्होल्ट दाखवतो. सेल उतरला की काहीच दाखवत नाही. म्हणून रीत एकच: आधी जिथे वीज नक्की आहे अशा ठिकाणी मीटर लावून बघायचा, मग कामाच्या तारेवर लावायचा, मग पुन्हा त्या चालू ठिकाणी. तिन्ही वेळा बरोबर बोलला तरच तार बंद. जुने लोक होल्डरला दोन वायरी लावून टेस्ट लॅम्प वापरायचे. त्यांचं डोकं टेस्टरवाल्यांपेक्षा चांगलं चालायचं, कारण बल्ब खरी वीज ओढतो, उगाच चढलेल्या व्होल्टेजनं पेटत नाही. पण एकटा बल्ब 415 वर फुटतो, आणि मेमध्ये काळी माती भेगाळून अर्थिंगचा खड्डा वाळला की फेज-अर्थमध्ये तो धड पेटत नाही. पोरगं म्हणणार, वीज कमी हाय. वीज पूर्ण असते, अर्थ मेलेला असतो.

आता आयटीआय. केंद्राच्या प्रशिक्षण महानिदेशालयाच्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याच्या पेटीची यादी आहे. 200 मिलिमीटरची इन्सुलेटेड पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, दोन पात्यांचा चाकू, हातोड्या, सांडशी, आणि 500 व्होल्टचा निऑन टेस्टर. मल्टीमीटर वर्कशॉपच्या सामाईक यादीत. म्हणजे जो टेस्टर फसवतो तो प्रत्येकाच्या खिशात, आणि जो मीटर खरं सांगतो तो कपाटात, तुकडीच्या वाट्याला पाळीपाळीनं. पोरगं दोन वर्षांत सवयीनं खिशाकडे हात न्यायला शिकतं. ती सवय मोडायला मला सहा महिने लागतात. शिकवणाऱ्या सरांना मी काही म्हणत नाही, यादी त्यांनी केलेली नाही. यादी करणाऱ्यांनी एकदा मेमध्ये उमरखेडच्या किंवा महागावच्या एखाद्या शेतातल्या डीपीवर चढून टेस्टर लावावा.

पकडीबद्दल. माझ्याकडे नाशिकच्या टपारियाची आठ इंची आहे, वीस वर्षं झाली. कोणत्या का कंपनीची असेना, दोन गोष्टी बघा. दांड्यावर 1000 व्होल्टची खूण आणि कव्हर दांड्याला घट्ट बसलेलं. पोरं काय करतात? कव्हर फाटलं की सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतात, आणि उस्ताद शाबासकी देतात. ट्यूबचं रबर काळं होतं ते काजळीनं, आणि काजळी वीज अडवत नाही. पट्टीच्या आत घाम साचतो तो वेगळाच. कव्हर फाटलेली पक्कड लोखंड वाकवायला ठेवा, विजेच्या कामात नको. आणि नव्या पकडीचा दांडा 1000 व्होल्टचा असला तरी तो चालू लाइनवर काम करायचा परवाना नाही. चूक झाली तर जीव वाचावा, यासाठी तो आहे.

मग वायर सोलायचा स्ट्रिपर. तीन-चारशे रुपयांचं हे हत्यार घ्यायला मोठमोठे ठेकेदार कुरकुरतात, कारण 'आम्ही दातानं वायर सोलली'. तुमचे दात तुमच्यापाशी. घरात वापरतात त्या दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीत 0.3 मिलिमीटरच्या 22 तारा असतात. पकडीनं किंवा दातानं ओढताना त्यातल्या पाच-सहा तुटून प्लास्टिकबरोबर जातात. उरलेल्या तारा स्क्रूखाली जातात, वर बोर्ड बसतो, भिंतीला रंग लागतो. चार वर्षांनी तिथे गीझर लागतो आणि बोर्ड काळा पडतो. घरमालक म्हणतो, कंपनीची वायर खराब. वायर खराब नव्हती. सोलणारा हात रिकामा होता.

बाकीचं थोडक्यात. दोन चपटे आणि दोन चौकडीचे स्क्रू ड्रायव्हर, इन्सुलेशन टोकाजवळपर्यंत आलेले. लांबट टोकाचा प्लायर, साइड कटर, पाव किलोची हातोडी, हॅकसॉ, टेप, लेव्हल. लग दाबायला क्रिम्पिंग टूल, कारण पकडीनं चेपलेला लग महिन्याभरात ढिला होतो. बॅटरीचा डोक्याला बांधायचा दिवा. रबरी हातमोजे 1000 व्होल्टचे, 'क्लास झीरो' लिहिलेले. रोज सकाळी त्यांत हवा भरायची, मनगटाकडून गुंडाळत आणायचं, आणि बोटं कानाशी धरून ऐकायचं. हिस्स आवाज आला तर मोजा फेकायचा. पुसदच्या एका कामावर मी हे करत होतो तर मालकाचे पाहुणे हसले. हसू द्या.

सोलरचं वेगळं सांगावं लागेल, कारण 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत बांधाबांधावर पॅनेल लागताहेत आणि तिथे हीच पोरं पाठवली जातात. पॅनेल एकामागे एक जोडले की काहीशे व्होल्ट डीसी तयार होतो, आणि ऊन आहे तोवर पॅनेल बंद करायला कुठलंच बटण नाही. तिथे निऑन टेस्टरवर मुळीच विसंबता येत नाही. साधा क्लॅम्प मीटर डीसी करंट शून्य दाखवतो. पंप चालू असताना कनेक्टर ओढला तर जी आर्क पेटते ती एसीसारखी आपोआप विझत नाही. डीसी मोजणारा क्लॅम्प आणि त्या कनेक्टरचं स्वतःचं क्रिम्पर, या दोन गोष्टी नसतील तर पोराला तिथे पाठवणं गुन्हा आहे.

आणि सरकार. 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. वर्षपूर्तीचा मोठा सोहळा 20 सप्टेंबर 2024 ला आपल्या शेजारी, वर्ध्याला झाला. 18 व्यवसायांतल्या कारागिरांना अवजारांसाठी 15,000 रुपयांचं व्हाउचर. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी, न्हावी, अगदी हातोडे आणि अवजारं घडवणाराही त्यात आहे. त्यांना मिळालं याचा आनंद आहे. वीजतंत्री त्या 18 मध्ये नाही. योजना परंपरागत कारागिरांची आहे, हे उत्तर मला ठाऊक आहे. मग ज्याच्या हत्याराची चूक दुसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टेमला जाते, त्या कारागिराची योजना कुठली? 2024 मध्येच राज्यानं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, आयटीआय झालेल्याला महिन्याला 8,000 रुपये विद्यावेतन. ते पोरगं 8,000 तून घरी पाठवणार, बसचा पास काढणार, आणि मीटर घेणार पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षीचा मीटर या वर्षीच्या झटक्याला उपयोगाचा नाही.

तरी कायदा पोराच्या बाजूनं आहे. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा सुरक्षिततेची आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी मालकावर टाकतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा नियमांत, आणि 2023 च्या नव्या नियमांतही, लाइनवर किंवा उपकरणावर काम करणाऱ्या माणसाला हातमोजे, रबरी बूट, सेफ्टी बेल्ट, शिडी, टेस्टर ही साधनं पुरवायची आणि ती चालू स्थितीत ठेवायची, असं आहे. पुरवायची, म्हणजे मालकानं द्यायची. 'स्वतःची पेटी घेऊन ये' हे वाक्य आम्ही ठेकेदारांनी कायद्यावर बसवलेलं आहे.

आणि याच वाक्यातून खेड्यापाड्यांत 'झिरो वायरमन' जन्माला आला. ना नेमणूक, ना परवाना, ना विमा. हाती एक पक्कड, खिशात एक टेस्टर. गावातला फ्यूज उडाला की त्याला हाक मारायची, डीपीवर चढवायचं आणि पन्नास रुपये द्यायचे. तो चढतो, कारण त्याला कधीतरी कुठल्या उस्तादानं पाठीवर थाप मारून सांगितलेलं असतं की आता झाला तू वायरमन.

पैशाचं रडगाणं मला सांगू नका. मी वर सांगितलेली घरगुती कामाची पेटी, बऱ्यापैकी मीटर आणि हातमोजे धरून, साधारण सहा-सात हजारांत होते. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. एका क्विंटल कापसाच्या खाली बसतं सगळं. ज्या ठेकेदाराला एका बंगल्याच्या वायरिंगमध्ये एवढं सुटत नाही, त्यानं शिकाऊ पोरगं ठेवू नये. मी गेली काही वर्षं मीटर आणि हातमोजे माझ्या खर्चानं देतो, पहिल्या दिवशी, शिडीला हात लावायच्या आधी. पोरगं सोडून गेलं तर तो मीटर त्याच्याबरोबर जातो. जाऊ द्या. टेस्टर मात्र मी त्याच्याकडून काढून घेतो. पहिले सहा महिने त्याच्या खिशात टेस्टर दिसता कामा नये.

हे वाचणाऱ्यांत ठेकेदार थोडे असतील, घरवाले जास्त. तर तुमच्यासाठी. तुमच्याकडे फिटिंगला पोरगं आलं की त्याला मीटर दाखवायला सांगा. नुसता टेस्टर निघाला तर त्याला परत पाठवू नका, त्याची मजुरी बुडते. मेन स्विच स्वतः बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, मेन बंद असतानाही तो वायरिंगमध्ये वीज सोडतो. जुना किटकॅट फ्यूज असेल तर तो काढून आपल्या खिशात घाला, आणि पोरगं शिडीवरून खाली उतरेपर्यंत कुणी मागितला तरी देऊ नका.